कोणाच्या हातीं पडेल?

अश्लीलतेविषयीं आपल्याकडे जे जे वाद झाले, त्या सर्वांत एक पक्षकार नेहमीं हजर असतो. परंतु त्याला साक्षीस मात्र कधीं बोलावीत नाहींत. हा पक्षकार म्हणजे लहान मूल. १८६८ सालीं इंग्लंडांत 'हिक्लिन' खटल्याचा निकाल देतांना मुख्य न्यायमूर्ति कॉकबर्न यांनीं जी कसोटी घालून दिली, तिचा आशय असा कीं, ज्यांचीं मनें असल्या संस्कारांस उघडीं असतात व ज्यांच्या हातीं असलें लेखन पडण्याचा संभव असतो, त्यांस बिघडविण्याची प्रवृत्ति त्या लेखनांत आहे कीं नाहीं, तें पाहावें. मौज अशी कीं, ज्या पत्रकावरून हा निकाल झाला तें रोमन कॅथॉलिक पंथांतील पापनिवेदनाच्या चालीवर तुटून पडणारें एक प्रचारपत्रक होतें. मुलांशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. तरीहि ती कसोटी समुद्र ओलांडून आपल्या न्यायालयांत आली आणि चांगली शतकभर मुक्कामाला राहिली. 'लेडी चॅटर्लीज् लव्हर' ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईंतील एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं कायम केली, ती ह्याच कसोटीच्या आधारें. २०१४ सालीं अवीक सरकार यांच्या खटल्यांत तिला अखेर रजा मिळाली आणि समकालीन समाजाची सर्वसाधारण दृष्टि हें माप आलें. न्यायालयांतून ती गेली. टीकाकारांच्या लेखणींतून गेली नाहीं. एखादें पुस्तक, नाटक अथवा चित्रपट जरा धीट निघाला कीं 'हें उद्यां आपल्या मुलांच्या हातीं पडलें तर?' हा प्रश्न आजहि सर्वांच्या आधीं निघतो.

प्रश्न वाईट नाहीं. परंतु तो विचारणाऱ्यांनीं मुलाच्या हाताकडे फारसें पाहिलें आहे, असें आपल्या वाङ्मयाच्या गेल्या शंभर वर्षांवरून दिसत नाहीं. त्यांच्या नजरेपुढें असे तें एक काल्पनिक बालक: साक्षर, पण कुतूहलशून्य, जें कांहीं शोधीत नाहीं, ज्याच्या हातीं पुस्तक आपोआप 'पडतें'. ह्या काल्पनिक बालकाच्या रक्षणासाठीं प्रौढांच्या वाङ्मयावर पहारे बसले. खरें मूल त्याच वेळीं आपल्या शंका घेऊन दुसऱ्याच दाराशीं उभें होतें. त्या दाराशीं पिढीगणिक काय काय बदललें, हें पाहण्याचा येथें हेतु आहे.

प्रथम एक गोड समजूत दूर केली पाहिजे. आपल्या पणजोबांच्या काळीं मुलांना ह्या विषयाचा वाराहि लागत नसे, असें मोठ्या विश्वासानें सांगण्यांत येतें. वस्तुस्थिति उलट आहे. दोन खणांच्या घरांत, गुरांच्या गोठ्याशेजारीं वाढणाऱ्या मुलाला स्त्रीपुरुषसंबंधाची माहिती पुस्तकांतून मिळवावी लागत नव्हती. शिमग्याच्या दिवसांत गांवचीं पोरें वडीलधाऱ्यांच्या देखत जे शब्द ओरडत, ते आज कोणी छापले तर संपादकाला न्यायालयाची पायरी चढावी लागेल. जत्रेंतल्या तमाशाला वयाची अट नव्हती. शाहिरांची लावणी हें मुख्यतः कानांनीं ऐकावयाचें वाङ्मय होतें. तें ऐकण्यास अक्षरओळख लागत नसे, आणि कोणाच्या कानांवर पडावें व कोणाच्या पडूं नये ह्याची व्यवस्था करणेंहि शक्य नव्हतें.

मूल आणि प्रौढ ह्यांच्यामध्यें भिंत उभी राहिली ती छापखान्याबरोबर व शाळेबरोबर. मुलांकरितां निराळें वाङ्मय असावें ही कल्पना त्याच भिंतीचा एक भाग होय. १९०६ सालीं वा. गो. आपटे यांनीं 'आनंद' मासिक काढलें, तेव्हां ती चांगलीच रुजूं लागली होती. 'कुमारसंभव' शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा पहिले पांच-सात सर्ग येत. शिवपार्वतींच्या शृंगाराचा आठवा सर्ग नेमणुकीबाहेर राही. वर्गांतील हुषार मुलें घरीं जाऊन आधीं कोणता सर्ग उघडीत असतील, हें सांगावयास नकोच. संस्कृताचा अभ्यास वाढविण्याचा तोहि एक मार्ग होता.

पण भिंत उभी राहत असतां तिच्या आडोशाला काय चाललें होतें, तें विसरतां कामा नये. १८९१ च्या कायद्यानें मुलीचें संमतिवय दहावरून बारा केलें, आणि त्या दोन वर्षांकरितां महाराष्ट्रांत केवढें रण माजलें! परकी सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये, असें म्हणणाऱ्यांत टिळकांसारखे पुढारी होते. मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरावयास १९२९ चा कायदा यावा लागला. म्हणजे ज्या मुलीनें कादंबरी वाचूं नये म्हणून घर डोळ्यांत तेल घालून जपत होतें, तिला त्याच घरानें अकराव्या-बाराव्या वर्षीं संसाराला धाडलें होतें. शब्दापासून ती सुरक्षित होती, अनुभवापासून नव्हे. त्या पिढीच्या बालपणाचें निर्मळपण ज्यांना आठवतें, त्यांना ह्या मुली कशा आठवत नाहींत, ह्याचें आम्हांस नेहमीं आश्चर्य वाटत आलें आहे.

छापील अक्षराच्या ह्या युगांत शंका घेऊन दाराशीं उभ्या असलेल्यांकडे पाहणारा एक माणूस मराठींत झाला. त्याचें नांव रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' सुरू केलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. कर्वे गणिताचे प्राध्यापक, आणि त्यांचें गद्यहि गणितासारखेंच आहे. सिद्धांत, पुरावा, निष्कर्ष. अलंकार नाहीं, आर्जव नाहीं, वाचकाला खूष करण्याची इच्छा तर मुळींच नाहीं. कामविषयावर इतकें कोरडें मराठी गद्य दुसऱ्या कोणी लिहिलें असेल असें वाटत नाहीं, आणि हाच त्याचा मोठा गुण. जें वाचून कोणाची नाडी यत्किंचितहि जलद होत नाहीं, त्या लेखनावर भावना चाळविल्याचा आरोप यावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रियांचीं चित्रें छापण्याचा त्यांचा हट्ट मात्र त्यांच्याच कार्याला नडला, असें आमचें मत आहे. देहाची लाज कृत्रिम आहे, हा सिद्धांत त्या चित्रांमागें होता हें खरें. परंतु सिद्धांत आंतल्या पानांत आणि चित्र बाहेर. मासिक दुरून पाहणाऱ्याला बाहेरचेंच दिसतें, आणि निंदकांना तेवढें पुरतें.

ह्या मासिकाचा खरा जीव होता वाचकांच्या प्रश्नांत. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, ऋतुकाल, गर्भधारणेची भीति, अशा गोष्टींविषयीं घरांत, शाळेंत किंवा डॉक्टरकडेहि ज्यांना तोंड उघडतां येत नसे, ते कर्व्यांना पत्र लिहीत, आणि कर्वे त्यांना मोजक्या शब्दांत उत्तर देत. पत्र लिहिणारे बहुतेक प्रौढ. पण शंका कोणत्या वयापासून मनांत बसलेली होती, हें त्या प्रश्नांच्या स्वरूपावरूनच उघड होतें. १९३४ सालीं ह्याच प्रश्नोत्तरांवरून खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलें म्हणजे तें अश्लील झालें असें नव्हे. लोकांना शंका आहेत तर त्यांचें निरसन ज्ञानानेंच केलें पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. कर्व्यांना दंड झाला.

ह्या निकालाकडे लेखनस्वातंत्र्याच्या इतिहासांतील एक प्रकरण म्हणून पाहण्याची रीत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याचा अर्थ थोडा निराळा लागतो. शिक्षा झाली ती उत्तराला. प्रश्न कर्व्यांनीं निर्माण केलेले नव्हते. ते टपालानें येत होते. मासिक बंद पडलें असतें तरी ते थांबले नसते. त्यांनीं दुसरा पत्ता शोधला असता. पुढील नव्वद वर्षांत तसेंच झालें.

हा दुसरा पत्ता पुष्कळ वर्षें होता पिवळें पुस्तक. वाङ्मय म्हणून त्याची दखल घेण्याचें कारण नाहीं. परंतु माध्यम म्हणून तें विचारांत घेतलें पाहिजे. भारतीय दंडसंहितेंत १९२५ च्या दुरुस्तीपासून वीस वर्षांखालील व्यक्तीला अश्लील वस्तु विकणाऱ्यास अधिक शिक्षा सांगितलेली होती. पदपथावरच्या विक्रेत्यानें गिऱ्हाइकाचें वय विचारल्याचें मात्र कोणाच्या ऐकिवांत नाहीं. खरा अडसर होता तो पुस्तकाच्या आंत. अक्षरें लावून, वाक्यांतून चित्र आपलें आपणच उभें करावें लागे. आणि जें वाचणाऱ्याच्या अनुभवांत वा कल्पनेंत नाहीं, तें पानावर असूनहि त्याला दिसत नसे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं तें पुस्तक आलें तरी तो अर्ध्याहून अधिक मजकूर न समजतांच उलटीत असे. भाषा हा एक पडदा आहे, आणि तो वाचकाच्या वयाबरोबर हळूहळू सरकतो.

न्यायालयें ह्या काळांत पिवळ्या पुस्तकांपेक्षां कवि आणि कादंबरीकार ह्यांच्यांत अधिक गुंतलेलीं दिसतात. मर्ढेकरांच्या 'कांहीं कविता' ह्या १९४७ सालच्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला व ते निर्दोष सुटले. ज्या कविता समजाव्यात म्हणून प्राध्यापकांनीं ग्रंथ लिहिले, त्या वाचून कोणतें कुमारवयीन मन बिघडणार होतें, हें खटला भरणाऱ्यांनाच ठाऊक! ह्या सर्व खटल्यांत आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो तो चंद्रकांत काकोडकर यांच्या 'शामा' ह्या कादंबरीचा. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत ती प्रसिद्ध झाली. निशिकांत नांवाच्या नायकाच्या प्रेमप्रकरणांची ही कथा आज कोणी मुद्दाम शोधून वाचावी अशी नाहीं. शृंगार तिच्यांत आहे, पण तोहि बेताचाच आहे. खालच्या न्यायालयांत झालेली शिक्षा १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली. निकालांत न्यायालय म्हणतें, त्याचा भावार्थ असा: नुसत्या लैंगिक उल्लेखानें पुस्तक अश्लील ठरूं लागलें तर धार्मिक ग्रंथांखेरीज दुसरें कांहीं विकतां येणार नाहीं, आणि कला व चित्रपट ह्यांतून किशोरवयीनांना आज जे प्रसंग दाखविले जातात, ते पाव शतकापूर्वीं समाजाच्या नीतीला हीन वाटले असते, पण परिस्थिति पालटल्यामुळें आतां ते गृहीत धरले जातात व त्यामुळें मनें भ्रष्ट होत नाहींत.

ह्या निकालांत काल्पनिक बालकाच्या जागीं खरा किशोर प्रथमच डोकावतो. जो पुस्तकें वाचतो, सिनेमा पाहतो, आणि तरीहि सहसा बिघडत नाहीं, असा. पुढें १९८५ सालीं समरेश बसु यांच्या 'प्रजापति' ह्या बंगाली कादंबरीचा निकाल देतांना त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, ज्यांच्या ज्यांच्या हातीं पुस्तक जाण्याचा संभव आहे त्या प्रत्येक वयोगटाच्या वाचकाच्या भूमिकेंत न्यायाधीशानें स्वतःस ठेवून पाहावें. साठीच्या घरांतल्या गृहस्थानें चौदा वर्षांचें होऊन वाचावें, ही अपेक्षा थोर खरी! पण दिशा बरोबर होती. अडचण एवढीच कीं, १९६९ च्या निकालांतला तो आत्मविश्वास ज्या माध्यमांच्या भरंवशावर होता, त्यांच्यापुरताच तो खरा होता. त्याच मापानें पुढें दोन पावशतकें मोजावीं: पहिलें संपतें १९९४ च्या सुमारास, उपग्रहवाहिन्या घराघरांत शिरल्या तेव्हां, दुसरें संपतें २०१९ ला, आणि तेव्हां पुस्तकाचा पडदा व चित्रपटगृहाचें दार हीं दोन्ही मुलाच्या वाटेंत उरलेलीं नव्हतीं.

चित्रपटगृहाच्या दाराविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. १९५२ च्या कायद्यांत 'यू' आणि 'ए' असे दोनच शिक्के होते. १९८३ मध्यें 'यूए' आला. 'ए' शिक्क्याचा अंमल करणारा होता दारावरचा माणूस, आणि मिसरूड फुटलेल्या पोराला त्याला फसविणें फारसें अवघड जात नसे. पण तो माणूस होता. त्याच्यासमोर उभें राहतांना पोराच्या छातींत धडधडत असे, आणि आपण कोठें चाललों आहों हें त्या धडधडीनेंच त्याला कळत असे.

मराठी वाङ्मयांत ह्या वयाचीं चित्रें थोडीं, पण चांगलीं आहेत. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) ह्या कादंबरींतील आणीबाणीच्या काळचे नववींतले मुलगे ह्या विषयांतलें जें काय शिकतात तें एकमेकांच्या बोलण्यांतून. तेथें यंत्र नाहीं, मित्र आहेत. त्यानंतरच्या टप्प्याचें सर्वांत बोलकें चित्र मात्र कादंबरींत नसून रवि जाधव यांच्या 'बालक-पालक' (२०१३) ह्या चित्रपटांत आहे. त्याच्या आद्याक्षरांचा 'बीपी' हा श्लेष ज्यांना सांगावा लागतो त्यांनीं तो विचारूं नये. आपला मुलगा नको तें पाहतो हें ध्यानांत येऊन गडबडलेल्या आईबापांपासून कथा सुरू होते, आणि बाप आपल्या बालपणींच्या चाळींत, व्हिडिओ कॅसेटच्या काळांत, परत जातो. चाळींतली एक मोठी मुलगी अचानक नाहींशी होते. मुलें विचारतात, मोठीं माणसें सांगतात कीं तिनें 'शेण खाल्लें'.

सबंध चित्रपट ह्या दोन शब्दांवर उभा आहे, आणि त्यांची निवड अचूक आहे. मुलांच्या प्रश्नाला मराठी घर काय उत्तर देतें? एक वाक्प्रचार. त्यांत निषेध आहे, किळस आहे, त्या मुलीची वासलात आहे. माहिती मात्र कणभरहि नाहीं. मग मुलें त्या वाक्प्रचाराचा अर्थ शोधीत निघतात. आणि ज्याला तो ठाऊक आहे असा विशू त्यांना भेटतो. आधीं पिवळें पुस्तक, मग कॅसेट. दिग्दर्शकाला विनोदाची उत्तम जाण आहे, आणि त्याहून चांगली जाण आहे ती भीतीची. तीं मुलें हंसतात तें घाबरलेलें हंसणें आहे. पाहून झाल्यावर आपल्याच मित्र-मैत्रिणींकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते, आणि ही गोष्ट चित्रपटानें न ओरडतां सांगितली आहे. ती त्याची मोठी मिळकत होय. पुढें पुढें तो उपदेशाला लागतो, ती उणीव. जें मुलांच्या चेहऱ्यांवरून कळून चुकलें आहे, तें संवादांतून पुन्हां सांगण्याची मराठी रंगभूमीची जुनी खोड त्यालाहि सुटलेली नाहीं.

परंतु आमचा मुख्य आक्षेप त्याच्या चौकटीला आहे. बापाला स्वतःचें बालपण आठवतें, आणि त्या आठवणीच्या आधारें तो मुलाला समजून घेतो. प्रेक्षकाला हें सुखावह वाटतें: आपणहि तेंच केलें, तोहि तेंच करतो, यंत्र तेवढें नवें. येथें चित्रपट आपल्याच सामग्रीकडे दुर्लक्ष करतो. त्यानेंच दाखविलेल्या गोष्टी पाहाव्यात. कॅसेट पाहावयाची तर ती आणून देणारा कोणी तरी हवा, यंत्र हवें, पैसे हवेत, दुपारभर मोकळें घर हवें, आणि ह्या सर्वांसाठीं सोबती हवेत. एवढी जुळवाजुळव महिन्यांतून एकदां झाली तरी पुष्कळ. शिवाय जें पाहिलें तें चौघांनीं पाहिलेलें असे. त्यावर कुजबूज होई, चुकीची का होईना पण चर्चा होई, आणि चौघांपैकीं एखादें तरी 'मला नाहीं आवडलें' असें म्हणूं शके. त्यांतलें कांहींहि आजच्या मुलाला लागत नाहीं. तो एकटा असतो, पांघरुणांत असतो. जें समोर येतें तें त्यानें मागितलेलें असतेंच असें नाहीं. एकदां एक दृश्य क्षणभर अधिक पाहिलें कीं त्याच जातीचें दुसरें, त्याहून तिखट, यंत्र आपल्या हिशेबानें पुढें करतें. विशूला निदान पुढची कॅसेट मिळविण्यासाठीं धडपडावें लागत होतें. बापाची आठवण मुलाला लागू पडत नाहीं ती ह्यामुळें. चित्रपटाचें सारें बळ जुन्या चाळींत खर्च झालें आहे, आणि आजचें मूल निमित्तापुरतें उरलें आहे.

आतां कोणी म्हणेल, हें रडगाणें प्रत्येक पिढीनें गाइलें आहे. अमेरिकेंत १९५४ सालीं डॉ. वर्थम यांनीं चित्रकथांच्या पुस्तकांवर झोड उठविली. आपल्याकडेहि १९५६ सालीं तरुण व्यक्तींना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला, आणि पुढें चित्रकथा वाचलेली ती पिढी सभ्य गृहस्थ होऊन निवृत्तहि झाली. ह्या म्हणण्यांत तथ्य आहे. मागच्या भयांपैकीं पुष्कळ भयें पोकळ होतीं, हें वर आम्हीच सांगितलें. परंतु मागचें भय खोटें होतें म्हणून आजचेंहि खोटेंच, हें तर्कशास्त्र नव्हे. चित्रकथा आणि कादंबरी ह्यांविषयींचें भय खोटें ठरलें, कारण त्यांच्या वाटेंत भाषा होती, कथा होती, किंमत होती, माणूस होता. इंग्लंडच्या बालआयुक्तांनीं २०२३ सालीं सोळा ते एकवीस वर्षांच्या तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. अश्लील चित्रण प्रथम पाहिलें तें वय सरासरीनें तेरा, आणि दहा टक्के मुलांच्या बाबतींत नऊ वर्षें किंवा त्याहून कमी निघालें. हे आंकडे इंग्लंडचे, ते उचलून जसेच्या तसे महाराष्ट्राला लावणें बरोबर होणार नाहीं. पण नऊ वर्षांच्या मुलाला पिवळें पुस्तक वाचून समजलें नसतें, हें कोणत्याहि देशांत खरें आहे.

आणि महाराष्ट्रानें ह्या काळांत काय केलें? २००७ सालीं शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर येथें बंदी आली. संस्कृतीला बाध येतो, हें कारण. उत्तर देणाऱ्याचें तोंड बंद करण्याची १९३४ ची परंपरा आपण चांगली पाळली. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ आलें आणि इंटरनेट पाण्याच्या भावानें मिळूं लागलें. पुढें मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि ज्या शाळेच्या वर्गांत ह्या विषयाचा उच्चार होऊं शकत नव्हता, तिनेंच पालकांस कळविलें कीं, अभ्यासाकरितां मुलाजवळ फोन द्यावा. दीडशें वर्षें 'कोणाच्या हातीं पडेल' ही चिंता वाहिलेल्या समाजानें ती वस्तु आपल्या हातांनीं मुलाच्या हातांत ठेवली, बहुतेक घरांत कर्ज काढून किंवा पोटाला चिमटा घेऊन. त्यांत कोणाचा दोष काढण्याचें कारण नाहीं. दुसरा उपायच नव्हता. पण त्या फोनमध्यें काय आहे आणि तें दिसलें तर काय समजावें, हें सांगणारें एक पानहि त्याबरोबर दिलें गेलें नाहीं.

दारावरचा माणूस परत आणण्याचे प्रयत्न आतां जगभर चालले आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनें आपल्याकडील 'यूए' शिक्क्याचे सात, तेरा व सोळा वर्षें असे तीन पोटभेद झाले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंत अश्लील वस्तु विकण्याच्या गुन्ह्यांतील वयाची रेषा विसावरून अठरावर आली. जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्यें अश्लील संकेतस्थळांना पाहणाऱ्याच्या वयाची खात्री करून घेणें भाग पडलें; डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियानें सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मनाई केली. ह्या उपायांना हंसण्याची फॅशन आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. फसवितां येणारें दार हेंहि दारच असतें. पण चित्रपटगृहाच्या दाराशीं पोराचा चेहरा पाहिला जात असे. येथें त्याचा कागद किंवा छायाचित्र तपासून यंत्र त्याला परत पाठवितें, आणि तो कशासाठीं आला होता हें त्याला कोणीहि विचारीत नाहीं.

सप्टेंबर २०२४ मध्यें मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रणासंबंधीं निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें मुलांना सर्वांगीण लैंगिक शिक्षण देण्याची आवश्यकता स्पष्ट शब्दांत मांडली. कर्व्यांना दंड झाला त्याला तेव्हां बरोबर नव्वद वर्षें होत होतीं. शिक्षण द्यावयाचें तर तें कोणत्या शब्दांत, हा प्रश्न मात्र न्यायालयाचा नव्हे, तो आमचा, म्हणजे मराठी लिहिणाऱ्यांचा आहे. देहाच्या ह्या भागांना आणि ह्या क्रियांना आपल्या भाषेंत एक तर शरीरशास्त्राच्या पुस्तकांतलें संस्कृत आहे, नाहीं तर शिवी आहे. बारा वर्षांच्या मुलानें आईजवळ सहज उच्चारावा असा शब्द ह्या दोहोंच्या मध्यें सांपडणें कठीण. कर्व्यांनीं ही अडचण कोरडेपणानें निभावून नेली. पण त्यांचा वाचक मोठा होता, आणि लहान वाचक कोरडें पुस्तक दोन पानांत खालीं ठेवतो. गेल्या कांहीं वर्षांत ह्या विषयावर निघालेलीं मराठी पुस्तकें चाळून पाहावीं: बहुतेकांचें नांवच 'पालकांसाठीं' असतें, आणि मुलाशीं काय बोलावें हें त्यांत पालकाला सांगितलेलें असतें. मुलाला उद्देशून लिहिलेलें, त्याच्या हातीं पडावें अशा इच्छेनें छापलेलें आणि मासिकांनीं इतर ललित पुस्तकांप्रमाणें रीतसर परीक्षणास घेतलेलें असें पुस्तक आमच्या टेबलावर आजवर आलेलें नाहीं.